‘आमच्याकडं नाय गोष्टी’: शहापूर-मुरबाडमध्ये अद्भुत शोधताना

पेट-नेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा असतो: "ताई, मला फँटसी फार आवडते. लहानपणापासून तेच वाचलंय. यावर पीएच.डी. होईल का?"

होईल. पण हे उत्तर देताना मला माझा स्वतःचा पहिला आराखडा आठवतो आणि कान गरम होतात. त्याचं शीर्षक होतं ‘अद्भुतकथांचा आत्मा आणि ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील दैनंदिन जीवन’. मार्गदर्शकांनी चार पानं उलटली आणि विचारलं, "आत्मा सापडला हे तुला कळणार कसं? आणि नाही सापडला तर तेही कळेल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं ठरूच शकत नाही तो संशोधनाचा प्रश्न नसतो, एवढं त्या दिवशी समजलं. बाकीचं समजायला पुढची दोन वर्षं गेली.

थोडं माझ्याबद्दल, कारण ते इथे लागणार आहे. मी मुरबाडची. आजोळ शहापूरला. मामाच्या माळ्यावर चांदोबाचे जुने अंक होते. (चांदमामा १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, मराठी चांदोबा १९५२ पासून.) विक्रम-वेताळाचं ते चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, माझ्या पिढीपर्यंत पोचलं ते तिथूनच. मग शाळेत हॅरी पॉटर मराठीत आला. पहिल्या भागाच्या नावात ‘परीस’ होता, आणि मला वाटलं, अरेच्चा, हा तर आपलाच. आमच्याकडच्या कुठल्याशा तळ्यात हत्तीच्या पायातली साखळी सोन्याची झाली होती असं मामा सांगायचाच की! कॉलेजात टॉल्किन वाचला. त्यानंतर आसनगाव सुटलं की लोकलच्या खिडकीतून दिसणारे माहुलीचे सुळके मला साधे सुळके दिसेनात. माळशेजच्या रस्त्याने पावसात एसटीतून जाताना ढगात बुडालेले कडे बघून मी वहीत चक्क लिहिलं होतं: "हे आपलं मिडल अर्थ."

ते वाक्य सुंदर वाटलं म्हणून आराखड्यातही घातलं. नंतर खोडलं. का, ते पुढे येईल.

आधी सिद्धांताकडे वळते, कारण अभ्यासक्रमात हे येतं आणि बरेच जण नुसती नावं पाठ करतात. टॉल्किनने १९३९ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. नंतर ते निबंध म्हणून छापलं गेलं. त्यात परीकथा वाचकाला काय देते याची चर्चा आहे, आणि त्यातली एक कल्पना आपल्या कामाची: पुन्हा गवसणं. म्हणजे असं, की रोजच्या वस्तू आपण इतक्या ‘आपल्या’ करून टाकतो की त्या दिसायच्याच बंद होतात. झाड, दगड, भाकरी, घोडा. परीकथेत त्या परक्या होऊन भेटतात आणि पुस्तक मिटल्यावर खऱ्या झाडाकडे आपण नव्याने बघतो. म्हणजे अद्भुतकथेचा रोख रोजच्या जगापासून दूर पळण्याकडे नसून तिथे परत येण्याकडे असतो. मला हे फार पटलं होतं. अजूनही पटतं. पण लक्षात घ्या, हा वाचकाचा अनुभव आहे. पुस्तक वाचून खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाचा. खिडकीबाहेर जे राहतात त्यांच्याबद्दल हा निबंध काहीच सांगत नाही.

दुसरं नाव तोदोरोव्हचं. १९७० च्या त्याच्या पुस्तकात अद्भुताची व्याख्या संभ्रमावर उभी आहे. जे घडलं ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे वाचकाला ठरवता येत नाही तेवढा वेळच अद्भुत टिकतं. एकदा निकाल लागला की कथा या बाजूला तरी पडते नाहीतर त्या बाजूला. परीक्षेत यावर प्रश्न आला तर एवढं पुरे. पण ‘संभ्रम’ हा शब्द लक्षात ठेवा, मला तो पुस्तकाबाहेर भेटला.

तर मी रेकॉर्डर, वही आणि एक प्रश्नावली घेऊन शहापूर तालुक्यातल्या एका वाडीवर गेले. (वाडीचं नाव देत नाही. त्याचंही कारण पुढे आहे.) म ठाकूर आणि कातकरी घरं, खाली भातखाचरं, वर जंगल. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडे कोणत्या जुन्या गोष्टी सांगतात?"

ज्या आजींकडे मला पाठवलं होतं त्या पडवीत नाचणी पाखडत होत्या. म्हणाल्या, "गोष्टी? आमच्याकडं नाय गोष्टी. त्या तुमच्या पुस्तकात असतात."

मी आग्रह धरला. मग त्यांनी मला एक राजा, सात राण्या आणि धाकटीचा छळ अशी गोष्ट सांगितली, भराभरा, पाहुण्याला पाणी द्यावं तशी. गोष्ट चांगली होती. पण अशी गोष्ट महाराष्ट्रात कुठेही मिळते. त्यासाठी या वाडीवर यायची गरज नव्हती. तीन दिवस मी अशाच गोष्टी गोळा केल्या. चौथ्या दिवशी एका मुलाने सांगितलेली गोष्ट टीव्हीवरच्या मालिकेतली निघाली.

पाचव्या दिवशी आजींबरोबर विहिरीवर गेले. रेकॉर्डर घरीच राहिला होता. पायवाट एका जागी वळते, तिथे लहान दगडांचा ढीग आहे. आजींनी चालता चालता वाकून एक हिरवी डहाळी तोडली, ढिगावर ठेवली आणि पुढे निघाल्या. बोलण्यात खंडही पडला नाही. मी विचारलं, "आजी, हे काय?"

"ठेवायचं."

"कशासाठी?"

"आपण चाललोय ते सांगायचं." मग थोडं थांबून, "आमची सासू एकदा नाय ठेवून गेली." आणि त्या सासूचं पुढे काय झालं ते विहिरीपर्यंत आणि विहिरीवरून परत येईपर्यंत चाललं. रात्र, वाट सापडेना, ओळखीचंच रान पण चारदा त्याच ढिगापाशी परत येणं, आणि शेवटी पहाटे कोंबडं आरवल्यावर समोर घर. घर कायम समोरच होतं.

मी म्हटलं, "आजी, अहो ही गोष्टच आहे की!"

"गोष्ट कुठली? हे झालेलं हाय."

हे वाक्य माझ्या प्रबंधाचा पाया आहे, म्हणून इथे जरा थांबते. विल्यम बॅस्कम या अभ्यासकाने १९६५ मध्ये गद्य लोककथनाचे तीन प्रकार मांडले. मिथक: खरं मानलं जातं, फार प्राचीन काळी, वेगळ्या जगात घडलेलं. दंतकथा: खरी मानली जाते, पण अलीकडच्या काळात आणि याच जगात घडलेली. लोककथा: कल्पित मानली जाते, ‘कोणे एके काळी’, कुठेही. हा तक्ता सगळे पाठ करतात. आपल्याकडे भाषांतरात गोंधळ होतो, कारण ‘दंतकथा’ म्हटलं की मराठीत थापच वाटते आणि ‘आख्यायिका’ म्हटलं की पुस्तकी वाटतं. पण खरी अडचण पुढेच आहे. मी ‘गोष्ट’ हा शब्द तिन्हींसाठी वापरत होते, आणि आजींच्या लेखी ‘गोष्ट’ म्हणजे फक्त तिसरा प्रकार. मी चुकीच्या डब्याचं झाकण उघडून आत काही नाही म्हणत होते.

डॅन बेन-आमोसने १९६९ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडलाय: अभ्यासकांनी केलेले प्रकार वेगळे आणि त्या समाजाने स्वतः केलेले प्रकार वेगळे. एका वर्गीकरणाचं दुसऱ्यात सरळ भाषांतर होत नाही. मी तो लेख एम.ए.ला वाचला होता. टिपणंही काढली होती. डहाळी ठेवेपर्यंत कळला नव्हता. आणि सासूबद्दलचं ते कथन, म्हणजे नावानिशी ओळखीच्या माणसाला आलेला अतिनैसर्गिक अनुभव, यालाही स्वीडिश अभ्यासक फॉन सिडोने १९३४ मध्येच वेगळं नाव दिलेलं आहे: मेमोरेट. मराठीत मी ‘अनुभवकथन’ म्हणते.

मग मी प्रश्नावली फाडली. (खरं तर घडी करून वहीत ठेवली, प्रबंधाच्या परिशिष्टात ती ‘अयशस्वी साधन’ म्हणून जाणार आहे.) नवा प्रश्न एकच: "या जागेला हे नाव का?" चालता चालता विचारायचा, बसून नाही. त्या एका पायवाटेवर मला अकरा नावाच्या जागा मिळाल्या. प्रत्येक नावामागे काही ना काही होतं.

माहुलीचंच बघा. किल्ल्याच्या सुळक्यांना नवरा, नवरी, भटजी अशी नावं आहेत, ट्रेकिंगच्या पुस्तकांतही सापडतात. एका संध्याकाळी चार-पाच जण बसले असताना मी नाव का ते विचारलं. एक आजोबा म्हणाले, वऱ्हाड होतं, दगड झालं. त्यांचा पुतण्या म्हणाला, काही नाही हो, लांबून तसं दिसतं म्हणून लोकांनी नाव ठेवलं. तिसरा म्हणाला, तसं दिसतं ते का दिसतं मग? यावर अर्धा तास वाद. शेवट नाही. जेवायला हाक आली म्हणून उठले.

तोदोरोव्हचा संभ्रम आठवला? तो एका वाचकाच्या डोक्यात असतो असं आपण शिकतो. इथे तो पाच माणसांत वाटलेला होता. लिंडा देग या हंगेरियन-अमेरिकन अभ्यासिकेने दंतकथेबद्दल हेच दाखवलं: तिचा कणा विश्वास हा नसून विश्वासाबद्दलची चर्चा हा आहे. मानणारा, न मानणारा, ‘असेलही’ म्हणणारा, सगळे मिळून ती सांगतात. म्हणून ‘गावकरी यावर विश्वास ठेवतात’ असं वाक्य आपल्या लिखाणात दिसलं की ते खोडा. कोणते गावकरी? कोणत्या संध्याकाळी? पुतण्याही गावकरीच आहे.

दगड झालेलं वऱ्हाड फक्त माहुलीचं नाही. स्टिथ थॉम्प्सनच्या मोटिफ-इंडेक्समध्ये माणसाचा दगड होणं डी २३१ खाली आणि माणसांपासून खडक तयार होणं ए ९७४ खाली सापडतं. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या स्टँटन ड्रू गावच्या शिळावर्तुळाबद्दलही वऱ्हाडच सांगतात, शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवार उजाडला तरी थांबवला नाही म्हणून दगड झालेलं. क्रमांक शोधता यायला हवेत, पण क्रमांक सापडला म्हणजे काम झालं असं समजू नका. मी एक अख्खं प्रकरण नुसतं क्रमांक लावून लिहिलं होतं. स्टँटन ड्रूला पाप काय ते ठरलेलं आहे. आमच्या आजोबांना विचारलं, वऱ्हाडाचं काय चुकलं, तर म्हणाले, "चुकलं काय नाय. उशीर झाला." एवढंच! आकृतिबंध तोच, पण त्यातलं जग वेगळं. अभ्यास त्या ‘उशीर झाला’चा करायचा आहे.

आता वाघ. याशिवाय या दोन तालुक्यांबद्दल लिहिताच येत नाही. आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते, या भागातल्या कित्येक आदिवासी वाड्यांवर त्याच सुमाराला वाघबारस. वाघोबाच्या ठाण्यांवर २०२१ मध्ये एक महत्त्वाचा शोधनिबंध आला. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, पालघर आणि ठाणे जिल्ह्यांत वाघोबाची दीडशे ठाणी नोंदवली. वर्षातून एकदा त्याचं त्याला द्यायचं, तो आपल्याला राखेल, असा हा व्यवहार वारली लोक कसा समजतात ते त्यात आहे. लेखकांचा भर यावर आहे की बिबट्या आणि माणूस एकाच जागेत कसे राहतात हे फक्त भरपाई आणि पिंजऱ्यांच्या भाषेत समजणार नाही, या नात्याकडेही बघावं लागेल. वन्यजीव अभ्यासकांनी लोककथेला पुरावा मानलं! आपण मराठीवाले तिला ‘रम्य’ म्हणत बसतो.

आणि गंमत बघा. २००९ मध्ये अत्रेयांच्या प्रकल्पात एका बिबट्याला जीपीएसचा पट्टा लावून माळशेज परिसरात सोडलं होतं. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला, वयस्कर, शांत, म्हणून नाव ठेवलं आजोबा. तो निघाला तो कसाऱ्याजवळून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पार करून थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोचला. शंभराहून जास्त किलोमीटर, बहुतेक रात्री, बहुतेक कुणाला न दिसता. २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेने मेला. २०१४ मध्ये त्याच्यावर ‘आजोबा’ नावाचा मराठी चित्रपट आला. शहापूर तालुक्यात आजोबा नावाचा डोंगरही आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही, पण मला वाडीवर हे दोन्ही एकत्र करून सांगणारा एक जण भेटला. मी दुरुस्त केलं नाही. दंतकथा तयार होताना बघायला मिळणं रोज होत नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की सगळं छान चाललं होतं. आता खोडलेल्या वाक्याबद्दल.

पहिल्या पावसाळ्यात मी त्या दगडांच्या ढिगाचा फोटो काढला. धुकं, हिरवं रान, मध्ये ढीग, वर ओली डहाळी. तो मी समाजमाध्यमावर टाकला, ठिकाणाच्या नावासकट, आणि खाली तेच लिहिलं, आपलं मिडल अर्थ. खूप लाइक आले. दोन रविवारांनंतर तिथे गाड्या आल्या. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ढिगावर डहाळ्यांबरोबर चिप्सची पाकिटं होती, कुणीतरी वरचे दगड उचलून फोटोसाठी मनोरा रचला होता, आणि जरा खाली बाटल्या फुटलेल्या होत्या. त्या वाटेने बायका अनवाणी पाण्याला जातात.

आजी मला काहीच बोलल्या नाहीत. चहा दिला. भात कसा आलाय ते सांगितलं. मी ढिगाचा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "तुला सांगितलं ना बाय एकदा." मग नाचणीचं सूप उचलून आत गेल्या.

फोटो मी त्याच रात्री काढला. आजींची माफी मागितली, वाडीच्या बैठकीत उभी राहूनही मागितली. प्रबंधातली सगळी ठिकाणं आता अ, आ, इ आहेत आणि नकाशा जोडलेला नाही. मार्गदर्शक म्हणाले, पडताळणी कशी होणार? रास्त आक्षेप आहे. आम्ही असं ठरवलं की मूळ टिपणं त्यांच्याकडे बंद पाकिटात राहतील, परीक्षकांना बघता येतील, छापली जाणार नाहीत. संमतिपत्रावर माझ्याकडे आजींचा अंगठा होता, नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. पण त्यांनी संमती दिली होती ती मला सांगायला. रविवारच्या गाड्यांना दिली नव्हती.

त्या वाक्यात अजून एक चूक होती, ती मला एप्रिलमध्ये कळली. या भागात पाण्याच्या जागी साती आसरा असतात. हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, काठावर सात दगड. यावर पाठ्यपुस्तकी उत्तर तयार असतं: मुलं विहिरीत पडू नयेत म्हणून भीती घातली. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. भीतीच घालायची तर एक भूत पुरलं असतं, सात बहिणी कशाला, आणि त्यांना बांगड्या कशाला? कार्य सांगून रूपाचा उलगडा होत नाही. असो. मी हाच प्रश्न घेऊन दुसऱ्या एका वाडीवर गेले होते. विहीर कोरडी होती, काठावर सात दगड आणि त्याशेजारी टँकरची वाट बघणाऱ्या हंड्यांची रांग. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव १८९२ पासून याच तालुक्यात आहे, भातसा धरणही इथेच. मी आसरांबद्दल विचारल्यावर रांगेतली एक बाई म्हणाली, "त्या पण गेल्या असतील पाइपातनं मुंबईला." सगळ्या हसल्या. मीही हसले, मग मुंबईला परत आल्यावर नळ सोडताना हसू आलं नाही.

टॉल्किनच्या भाषेत म्हणायचं तर मला नळाचं पाणी पुन्हा गवसलं. पण ते परीकथेमुळे नाही. त्या विनोदात अख्खी एक दैवतकथा पुढे सरकली होती, धरणापर्यंत. मी मात्र जुनी, शुद्ध, धुक्यातली आवृत्ती शोधत होते. विनोद वहीत लिहायचाही विसरले असते, शेजारच्या बाईने "हे लिव ना" म्हटलं म्हणून लिहिला.

तर प्रश्नाचा आराखडा आता असा आहे: एका पायवाटेवरच्या नावाच्या जागांबद्दल कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी सांगतं, आणि रस्ता, टँकर व पर्यटक आल्यावर त्या सांगण्यात काय बदलतं. ‘आत्मा’ हा शब्द त्यात नाही. उत्तर चुकू शकतं. कदाचित काहीच बदलत नसेल, तर तेही दिसेल.

वाचायचं काय, हे विचाराल म्हणून. दुर्गा भागवतांचं ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ आधी. मग ल. ना. चापेकरांचं ठाकूर समाजावरचं १९६० चं इंग्रजी पुस्तक, या डोंगरांसाठी अजून त्याला पर्याय नाही. कोसंबींचं १९६२ चं ‘मिथ अँड रिअॅलिटी’, विशेषतः मातृदेवतांच्या ठाण्यांवरचं प्रकरण, कारण ते स्वतः पायी फिरून लिहिलंय. आणि मेरी फ्रियरचं १८६८ चं ‘ओल्ड डेक्कन डेज’. त्यातल्या गोष्टींपेक्षाही आधी सांगणारीचं आत्मकथन वाचा, अॅना लिबरेटा डिसूझा या आयाचं. दीडशे वर्षांपूर्वी एका संग्राहिकेने सांगणारीचं नाव आणि तिचं आयुष्य पुस्तकात घेतलं होतं. माझ्या आजींचं नाव मी घेऊ शकत नाही, आणि घ्यावं की नाही यावर माझं अजून ठरलेलं नाही. फ्रियरने नाव दिलं तो सन्मान होता. मी नाव लपवते तेही सन्मानासाठीच असं मी म्हणते, पण मग प्रबंधाच्या मुखपृष्ठावर नाव फक्त माझंच उरतं.

गेल्या वाघबारशीला वाडीवर गेले होते. आजी ढिगापाशी थांबल्या नाहीत, वाट आता थोडी बदललीये, बायका वरच्या अंगाने जातात. नव्या वाटेवर एका करवंदाच्या जाळीजवळ त्यांनी डहाळी तोडली आणि खाली ठेवली. तिथे अजून ढीग नाही, पाच-सहा दगड आहेत. मी काही विचारलं नाही. मीही एक डहाळी ठेवली.

"बारकी ठेव," त्या म्हणाल्या, "मोठीनं जाळी मोडते."